येळवशीची गाडी

"अगं, खायच्या वस्तूचा कसला फोटू काढतीस? दृष्ट लागंल की!"

"लागू द्या काकू. दृष्ट लागल्याबिगर विकत कोण घेणार?"

रुद्रम्मा चुलीपुढं भाकरी थापत बसली होती, आणि तिकडं ओसरीवर सोनाली चक्क पालथी पडून कडक भाकऱ्यांच्या चवडीवर मोबाईल रोखून होती. खाली पांढरीशुभ्र चादर. लेकाच्या, शांतलिंगच्या लग्नात आलेली, पेटीतून कधी बाहेर न निघालेली. त्या चादरीवर चटणीचा एक डाग पडला की या पोरीला परंड्यापर्यंत पिटाळायची, असं रुद्रम्मानं मनात ठरवून टाकलं होतं.

सोनाली परंड्याची. तुळजापुरातल्या एका संस्थेत नोकरीला लागलेली. बारक्या धंदेवाल्यांचा माल मोबाईलवरच्या दुकानात मांडून द्यायचा, फोटो, वजन, किंमत सगळं टाकून कॅटलॉग तयार करून द्यायचा, हे तिचं काम. ती स्कूटीवरून गावात, तामलवाडीत आली तेव्हा शिवप्रियानं, म्हणजे रुद्रम्माच्या सुनेनं, तिला गाठलं होतं. सासूला न विचारता. त्याचाही राग रुद्रम्माच्या पोटात होताच.

"काकू, भाकरी किती दिवस टिकते?"

"टिकायला ठेवतंय कोण?"

शिवप्रिया फिसकन हसली. सोनालीही हसली, पण बोटं मोबाईलवर चालूच. "तसं लिहिता येत नाही हो. बरं, दुकान बंद कोणत्या दिवशी?"

"आमची चूल कवा बंद असती? घरात सुतक पडलं तरच."

"सणासुदीला?"

"सणालाच तर जास्त खपतं गं येडे!"

सोनालीनं टाकलं, सुट्टी नाही. तिघीजणी होत्या तिथं. शांतलिंग दारात बैलाला पाणी दाखवत होता. चौघांत एकाच्याही डोक्यात येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आली नाही. येळवस ही काय सुट्टी असते? येळवस म्हणजे येळवस. श्वास घेणं कुणी कामात धरतं का?

*

वर्षानुवर्षं रुद्रम्माचा माल सोलापूरला सिद्धाराम मालकाच्या दुकानात जात होता. डालगं भरायचं, एसटीत मांडीवर घेऊन बसायचं, आणि त्याच्या पायरीखाली उभं राहायचं. गादीवर बसलेला सिद्धाराम चहा पीत असायचा. चहा संपेपर्यंत तो बघायचा नाही. मग डालग्यातली वरची भाकरी उचलून कानाजवळ न्यायचा आणि कट्‌कन मोडायचा. आवाज पटला तर मान हलायची. कडेला टवका उडालेल्या भाकऱ्या तो वेगळ्या डब्यात टाकायचा. "हा चुरा अक्का, याचे पैसे न्हाईत." आणि तोच चुरा संध्याकाळी पुडीत घालून विकायचा. पाकिटावर नाव त्याचं, खाली त्याच्या आईचा फोटो. जिनं उभ्या जन्मात चूल फुंकली नव्हती!

त्या दिवशी त्यानं भाकरी मोडली नाही. मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. पांढऱ्या चादरीवरची चवड होती त्यात.

"हे कुणाचं दुकान, अक्का?"

रुद्रम्मानं डालगं जवळ ओढलं. "सुनंनं घातलंय मालक. हौस म्हणून."

"मग हौसच करा. हे न्या परत."

"मालक, भरलं डालगं..."

"मोबाईलवर विका की! जग घेतंय म्हणं." गिऱ्हाइकं बघत होती, एकजण दात काढून हसला. सिद्धाराम शांतपणे म्हणाला, "बंद पडलं की या. आमचं दार कुठं पळून जात न्हाय. पण मग भाव आमी सांगू तो, आन चुरा आमी म्हणू तो."

भरलं डालगं डोक्यावर घेऊन ती एसटी स्टँडपर्यंत चालत आली. ओझं रोजचंच, पण मान आज अवघडली. गाडीत बसल्यावर तिनं पदर तोंडाला लावला तो तामलवाडी येईपर्यंत काढला नाही. घरी येऊन डालगं सुनेपुढं आदळलं.

"मिटलं का आता मनासारखं? तुज्या मोबाईलपायी दारचं गिऱ्हाईक गेलं!"

रुद्रम्मा बोल बोल बोलली, मग थकली, मग पाणी प्यायली. आणि तांब्या खाली ठेवून म्हणाली, "पर एक आयक. त्या पायरीखाली म्या आता उभी ऱ्हाणार न्हाय. उपास पडला तरी न्हाय. तुजं ते दुकान चालीव, कसं बी चालीव."

*

चालवायला निघालं की कळतं. पहिली गाडी माल न्यायला आली तेव्हा खोकी तयार होती, पण गाडीवाल्याला सांगायचा आकडा शांतलिंगच्या मोबाईलवर आलेला, आणि शांतलिंग मोबाईलसकट शेतात. शेतात रेंज नाही. गाडी रिकामी परत गेली, आणि मोबाईलवर लाल अक्षरात तंबी आली. सोनालीनं वाचून दाखवली. पुन्हा एकदा गाडी रिकामी गेली तर दुकान काढून टाकण्यात येईल.

त्यानंतरची मागणी मोठी आली. पुण्यात कुणाच्या तरी घरी कार्य होतं, पाहुण्यांना परतताना द्यायला भाकरी-चटणीची खोकी पाहिजे होती. शिवप्रियानं वाचलं आणि तिच्या हातातली परातच सुटली.

मग दोन चुली पेटल्या. एकीवर सासू, एकीवर सून. पहाटे बसायचं ते ऊन उतरेपर्यंत. ज्वारीचं पीठ मळून मळून मनगटं सुजली, धुरानं डोळे चुरचुरायला लागले. रुद्रम्माचा उजवा गुडघा उठताना कटकन वाजायचा. "सिद्धाराम मालकाला ऐकवा हा आवाज," शिवप्रिया म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी सासू हसली.

त्यात आभाळ आलं. पौष तोंडावर आलेला, आणि हवा अशी दमट की सकाळी केलेली भाकरी दुपारी सादळायची. कडक भाकरी वाकायला लागली की संपलं! सगळी चवड पुन्हा आरावर धरायची, एकेक, करपू न देता. रुद्रम्मानं आभाळाला शिव्या घातल्या, चुलीला घातल्या, पुण्याच्या त्या कार्यालाही घातल्या. शांतलिंग खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. तो म्हणाला, "आई, गिऱ्हाइकाला तरी शिव्या घालू नगंस."

"त्याला न्हाय घालत. त्याच्या मुहूर्ताला घालतीया."

शेवटची चवड खोक्यात गेली तेव्हा आभाळ फाटून ऊन पडलं. रुद्रम्मानं हात धुतले आणि ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबिलीचं मडकं घालायला घेतलं. उद्या येळवस.

शिवप्रिया मोबाईल बघत दारात उभी होती. तिचा चेहराच उतरला.

"आत्या, गाडी उद्या हाय."

"उद्या येळवस हाय."

"तेच म्हंते म्या."

रुद्रम्माचा हात ताकात तसाच बुडलेला.

फोन लावला. सोनालीच्या परंड्याकडं येळवस एवढी नसते. "एवढं काय असतं त्यात?" तिनं विचारलं तेव्हा रुद्रम्माला वाटलं, आता हिला कुठनं सुरुवात करून सांगावं! समदं गाव शेतात जातं बाई. कडब्याची कोप, खोपटं म्हण की, घालायची, पाच पांडव मांडायचे, रानाला आंबील शिंपायची. गावात कुत्रं राहत नाही.

"तारीख बदलते का बघते," म्हणून सोनालीनं फोन ठेवला, आणि परत केला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. तारीख बदलत नव्हती. बदलली असती तरी पुण्याचं कार्य थांबणार नव्हतं. "काकू, मी सुट्ट्यांची यादी उघडून बघितली. त्यात येळवस नाहीच. कुणीतरी एकजण घरी थांबा ना."

"म्या थांबते," शिवप्रिया लगेच म्हणाली.

"घरची लक्ष्मी कुलपात आन आमी लक्ष्मी पुजायची व्हय?" रुद्रम्मा भडकली. "जमायचं न्हाय!"

"मग दुकान जाऊ द्या! जावा परत त्या पायरीखाली!"

सून आजवर सासूपुढं असं बोलली नव्हती. शांतलिंग चिकटपट्टी हातात घेऊन भिंतीकडं बघायला लागला. फोन चालूच होता. तिकडून सोनाली म्हणाली, "भांडू नका हो. गाडीच शेतात बोलावू. पत्ता बदलता येतो."

तासाभरात ती स्कूटीवरून आली. स्कूटी गाडीवाटेत लावून, सँडल हातात घेऊन चालत शेतात गेली. रेंज कुठंच नव्हती. शेवटी विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर चढली, मोबाईल वर धरला, तेव्हा कुठं एक काडी आली. तिथनंच तिनं दुकानाचा पत्ता बांधावर नेऊन ठेवला. उतरताना घसरली आणि गुडघा फोडून घेतला, पण तोंडावर आनंद मावत नव्हता.

"तीनच्या आत गाडीवाल्यानं खोक्यांची नोंद केली पाहिजे, काकू. इथल्या एका काडीवर तेवढी नोंद होत नाही, म्हणजे त्याला डांबरीवर जाऊन करावी लागणार. त्याला अजिबात थांबवू नका."

"आमी कशाला थांबवू?" रुद्रम्मा म्हणाली.

*

येळवशीचं ऊन कोवळं पडलं होतं. ज्वारी पोटऱ्यातून बाहेर येऊन कणसात दूध भरत होतं, हरभरा घाट्यांवर आला होता. बैलगाडीत आधी खोकी, मग पालेभाज्या-शेंगा एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची दुरडी, खीर आणि सगळ्यात वर घोंगड्यानं झाकलेलं आंबिलीचं मडकं. शांतलिंगनं कोप शाकारली होती. चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले, पूजा झाली, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपत तो "ओलगेऽ ओलगे!" ओरडत रानाला फिरून आला. चारी बाजूंच्या रानांतून तीच आरोळी उठत होती.

रुद्रम्माची सासू सांगायची, येळवशीला बांधावर आलेला माणूस वैरी असला तरी जेवून गेला पाहिजे. उपाशी गेला तर कणसात दाणा भरत नाही. रुद्रम्मानं लग्न झाल्यापासून हे पाळलं होतं. ओळखीचा, बिनओळखीचा, वाट चुकलेला, कुणी का असेना.

म्हणूनच गाडीवाटेवर पांढरी मोटार थांबली आणि तीतून सिद्धाराम उतरला, तेव्हा तिला पुढं व्हावंच लागलं. तो दरवर्षी यायचा, तिचा नवरा होता तेव्हापासून. यंदा त्याला कुणी या म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"या मालक. बसा."

सिद्धाराम कोपीच्या सावलीत घोंगड्यावर बसला. पत्रावळ आली. भज्जीत उंडा कुस्करून तो सावकाश जेवायला लागला, आणि जेवता जेवता त्याची नजर बैलगाडीवर गेली. खोक्यांवर रुद्रम्माचं नाव छापलेल्या चिठ्ठ्या.

"मोबाईलचं दुकान शेतात आलं व्हय? गाडी कवा येतीया?"

"तीनच्या आत नोंद व्हाया पायजे," शिवप्रिया बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

सिद्धारामनं घड्याळ बघितलं आणि आणखी आंबील मागितली.

एक वाजला, दोन झाले. गाडी नाही. शिवप्रिया ढिगाऱ्यावर जाऊन उभी राहिली होती. तिथनं ती ओरडली, "आवं, गाडीवाला म्हणतोय, हरेक रानातली माणसं वाट अडवून बसलीत! जेवल्याबिगर सोडत न्हाईत!"

रुद्रम्मानं कपाळाला हात लावला. करणार काय, बोलणार कुणाला? दरवर्षी वाटसरूंच्या आडवं जाणाऱ्यांत पहिली तीच असायची. शांतलिंग धावत सुटला. गाडीवाल्याला रस्ता दाखवत, लोकांना हात जोडत, एकदाचा घेऊन आला. चालत. गाडी वाटेतल्या चिखलाच्या अलीकडं उभी होती, खोकी खांद्यावरनं न्यायची होती.

व्यंकट नाव त्याचं. मिशीत पांढरं आलेलं, कंपनीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. खोक्याला हात लावायच्या आधी त्यानं बूट काढले आणि कोपीतल्या पांडवांपुढं डोकं टेकलं.

"आमची बी येळवस हाय, अव्वा. अणदूरकडं रान हाय आमचं. घरची समदी शेतात गेल्यात. मला सुट्टी न्हाय. वाटंत सगळ्यांना हात जोडत आलो, पाण्याचा घोट घेतला न्हाय."

रुद्रम्मानं त्याच्या घामेजल्या तोंडाकडं बघितलं. येळवशीला उपाशी! शांतलिंग आणि शिवप्रिया खोकी उचलून पळायला लागले. व्यंकटनं दोन खेपा केल्या. तिसरीला तो कोपीजवळ आला आणि भज्जीचा वास घेत क्षणभर रेंगाळला.

"बसा की मग!" सिद्धाराम म्हणाला. त्याचं जेवण कधीच झालं होतं, तरी तो पत्रावळीवरून उठला नव्हता. "अक्का, पान वाढा पाव्हण्याला. अशी कशी रीत? तुमच्या सासूबाई काय म्हणायच्या? बांधावरनं माणूस उपाशी गेला तर कणसात दाणा भरत न्हाय. म्या सोता आयकलंय त्यांच्या तोंडून."

व्यंकटनं रुद्रम्माकडं बघितलं. त्याचे गुडघे वाकायला लागले होते. भुकेल्या माणसाला कुणी बस म्हटलं की तो बसतोच. शिवप्रिया शेवटचं खोकं छातीशी धरून वाटेत थांबली. डोळे सासूवर खिळलेले. सिद्धाराम पुन्हा घड्याळ बघून गालातल्या गालात हसला.

ते हसू रुद्रम्मानं बघितलं. तिला ती पायरी आठवली, आणि चहा संपायची वाट बघत उभे राहिलेले आपले पाय. पण समोर ज्वारी डोलत होती. कणसात दूध होतं, दाणा अजून धरायचा होता. वर्षाचं पोट होतं ते. सासूचा शब्द आजवर मोडला नव्हता. भ्याली ती, खरंच भ्याली. हात पत्रावळीकडं गेला, तिथंच थांबला.

मग तिनं दुरडीतला उंडा उचलला, पातेल्यात बुडवून भज्जीत चांगला कालवला आणि वाकायला निघालेल्या व्यंकटच्या दंडाला धरून त्याला उभा केला.

"आ कर."

"अव्वा?"

"आ कर म्हंते!"

लेकराला भरवावा तसा घास तिनं त्याच्या तोंडात घातला. मोठा घास होता. तो चावत राहिला, त्याचे डोळे पाण्यानं भरले.

"जेवलास न्हवं माज्या बांधावर?"

व्यंकटनं गिळत मान हलवली. "जेवलो अव्वा. पोट भरलं."

"मग पळ! शिवप्रिये, डबा भरून ठेव त्याच्या गाडीत. नोंद झाल्यावर खा रं बाबा. आन डबा परत द्यायला ये. त्या निमित्तानं तरी कंपनी गाडी धाडंल."

तो पळाला. शेवटचं खोकं त्यानं शिवप्रियाच्या हातून घेतलं, ती मागं डबा घेऊन. गाडीचा आवाज आला, खडखडत लांब गेला.

"एका घासाला जेवण म्हणत न्हाईत, अक्का," सिद्धाराम म्हणाला.

रुद्रम्मानं विहिरीकडं बघितलं. शिवप्रिया परस्पर ढिगाऱ्यावर चढली होती आणि मोबाईल वर धरून उभी होती. उभी राहिली, राहिली, आणि मग मटकन खाली बसली. संपलं, रुद्रम्माला वाटलं. गेलं दुकान. आता उद्यापासनं डालगं, एसटी, पायरी. देवा मल्लिकार्जुना, रीत बी मोडली आन गाडी बी गेली!

तेवढ्यात ढिगाऱ्यावरची शिवप्रिया उठली. पदर खोचला, आणि दोन्ही हात वर करून जीव खाऊन ओरडली, "ओलगेऽ! ओलगेऽऽ!"

शेजारच्या रानातून लगेच आरोळी परत आली, मग त्याच्या पलीकडच्या, मग ओढ्यापल्याडच्या. कुणाला काय ठाऊक कशाची! येळवस होती, ओरडत होते. शिवप्रियाच्या आरोळीचा अर्थ शांतलिंगला मात्र कळला, तो वाटेतूनच नाचत आला. "झाली नोंद, आई! झाली!"

रुद्रम्मा पातेल्यापाशी बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम. पदरानं तोंड पुसून तिनं घरच्यासाठी ठेवलेल्या दुरडीतली कडक भाकरी काढली. टवका नसलेली, अख्खी. सिद्धारामच्या कानाजवळ नेऊन कट्‌कन मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या पत्रावळीवर ठेवले.

"खावा अण्णा, सावकाश खावा," ती म्हणाली. "आज तुमी पाव्हणं हायसा."

इतक्या वर्षांत तिनं त्याला मालकाशिवाय हाक मारली नव्हती. खाली मान घालून सिद्धारामनं भाकरीचा तुकडा उचलला.